हललं का?

बारा शब्द होते.
भिंतीवरच्या कॅलेंडरात, जूनच्या पानामागं,
दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवलेले.
मँगो, लॅडर, विंटर, ऑर्फन...
आबांनी एकदा विचारलं होतं, ह्यो कसला मंत्र?
म्हटलं, किल्ली.
ऑर्फन म्हंजे?
अनाथ.
असला शब्द किल्लीत कशाला घालावा माणसानं, म्हणाले.

मंगळवारी दुपारी, विट्यात लाइट गेलेली असताना,
वॉलेटच्या कंपनीतून बोलतोय म्हणणाऱ्या
एका गोड आवाजाला मी ते बाराही वाचून दाखवले.
हळूहळू. स्पेलिंगसकट.
आठव्या शब्दाला तो म्हणाला, सर, जरा परत सांगता?
मी परत सांगितला.

नेल्लोरच्या दुकानातला माझा हिस्सा विकून घेतलेलं,
चार वर्षं राखलेलं,
अकरा मिनिटांत गेलं.
कुलूप तुटलं नाही,
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

सांगलीच्या सायबर ठाण्यात वायदंडे हवालदार.
भला माणूस, चहा मागवला.
रकान्यावर पेन टेकवून म्हणाला,
चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन. वजन?
वजन नाही, साहेब.
रंग?
मी खिडकीबाहेर बघितलं.
मग त्यानं ‘इतर’ असं लिहिलं
आणि माझ्या समाधानासाठी त्याखाली एक रेघ ओढली.

आबा म्हणजे अडतीस वर्षं गलाईच्या भट्टीपुढं बसलेला माणूस.
भुवया तेव्हाच जळाल्या, पुन्हा उगवल्या नाहीत.
सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले,
झाडून घेतलंस का?

सराफाच्या दुकानातली धूळ विकत घ्यायचे ते.
पायपुसणी, जुन्या चटया, बाकड्याखालची माती,
कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा.
जाळायचं, चाळायचं, पाऱ्यात घोळायचं,
आणि शेवटी मुशीच्या तळाशी
ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी पिवळं हसायचं.
सोनं कुठं जात न्हाई रं,
लोकांना वाकायचा कंटाळा.

मी त्यांना मोबाइल दाखवला.
हे बघा, गेलेलं सगळं इथं आहे.
चोराचा पत्ता, बेचाळीस अक्षरांचा,
त्यात ना गाव, ना गल्ली.
कुणालाही दिसतं. मला, तुम्हाला, हवालदाराला,
दशांशापुढच्या शेवटच्या आकड्यापर्यंत.

आबांनी चष्मा कपाळावर घेतला.
चोरीचं सोनं त्यांच्या भट्टीवर आलं होतं एकदा,
हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं.
अंगठी होती, आतून नाव कोरलेलं.
वितळेपर्यंत ते नाव वाचता येत होतं,
मग नाही.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
‘तुझ्या मालावरचं नाव पुसत न्हाई?’
नाही.
‘आन् तरी मिळत न्हाई?’
नाही.
खूप वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत बसले.

पुढच्या आठवड्यात एक फोन आला.
मिळवून देतो, दहा टक्के आगाऊ.
खोटं कशाला बोलू, मी पैसे भरायलाच निघालो होतो.
आबांनी मनगट धरलं.
‘झाडूचा माल घेताना आधी मूठभर जाळून बघत्यात.
त्याला म्हण, मूठभर दाखव.’
म्हटलं.
फोन बंद झाला.

जूनचं पान मी फाडलेलं नाही.
दूधवाल्याचा हिशेब अजून खरा आहे.

आता रोज पहाटे, गजर व्हायच्या आधी,
मी तो पत्ता उघडतो.
माल जिथल्या तिथं. चोरानं हात लावलेला नाही.
भ्याला असेल. विसरला असेल.
की त्याचेही बारा शब्द
कुणी गोड बोलून काढून घेतले?
पलीकडच्या खोलीतून आबांचा आवाज येतो,
शेजारच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा,
हललं का?
न्हाई, मी म्हणतो.
खाट करकरते. ते कूस बदलतात.